मेव्हण्याचा दम

शिरोडा,
रविवार, १२ नोव्हेंबर १९६१

महादू,

परवा भाऊबीज झाली. सुगंधेनं यंदाही चंद्राला ओवाळलं. जिला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळावं अशी आपली रीत. तुझी बहीण, भाऊ धडधाकट असताना, सातव्या वर्षी ताट घेऊन अंगणात उभी राहिली. बीजेची कोर ती, माडांच्या झावळ्यांमागे दिसते न दिसते तोच बुडते. शेजारच्या लीलानं कुंपणावरून विचारलं, ''वयनी, चंद्र ओवाळणी काय घालता?''

सुगंधा म्हणाली, ''पुढच्या वर्साक येतंय म्हणान सांगता. दरवर्साक ताच सांगता.''

मी ओटीवर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. त्यातलं एक अक्षरही वाचलं नाही.

बाकी शनिवार-रविवार नेहमीसारखेच गेले. काल सकाळची शाळा. साडेसातला मैदानात मुलांचे सूर्यनमस्कार. मी आता पंचवीसच घालतो, तेही शेवटचे पाच मोजताना आवाज मोठा करून, म्हणजे धाप लागलेली कळत नाही. दुपारी गणपतच्या दुकानात. कालपासून मुंबईला इंग्लंडशी कसोटी सुरू झाली आहे आणि गणपतनं बॅटरीचा रेडिओ घेतला आहे. समालोचन इंग्रजीत, म्हणून मास्तरांना पुढची खुर्ची. रेडिओ खरखरतो, निम्मं ऐकू येत नाही, उरलेल्यातलं निम्मं कळत नाही. पण वीस माणसं तोंडाकडे बघत असतात. काल मी इंग्लंडचा एक चौकार जाहीर केला, तो बहुतेक झालाच नव्हता. सगळे हळहळले. एकानंही शंका घेतली नाही.

आज सकाळी वेंगुर्ल्याच्या साप्ताहिकासाठी गावची बातमी लिहिली. उद्या पहिल्या एसटीनं जाईल. ती लिहून झाली की दर रविवारी तुला पत्र लिहायचं, हा माझा सात वर्षांचा नेम. फरक एवढाच की बातमी जाते, पत्र जात नाही. ते शाळेच्या कपाटात, कवायतीची निशाणं ठेवायच्या पत्र्याच्या पेटीत जातं.

सुगंधेला वाटतं मी टपालात टाकतो. महिन्या दोन महिन्यांनी ती विचारते, ''दादान उत्तर धाडल्यान?'' मी सांगतो, ''गोव्याची सरहद्द बंद आहे. फिरंगी पत्रं फोडतात. पोचतात की नाही कुणास ठाऊक.''

ते अगदी खोटंही नाही. न टाकलेलं पत्र पोचत नाही.

गुरुदास


शिरोडा,
रविवार, २६ नोव्हेंबर १९६१

महादू,

काल शाळा सुटल्यावर रेडीपर्यंत चालत गेलो. डॉक्टरांनी रोज तीन मैल चाला सांगितलंय, मी आठवड्याचे शनिवारी एकदम चालून टाकतो. रेडीच्या बंदरात खनिज भरायला मोठी बोट लागली होती. तांबडी धूळ इतकी की यशवंतगडाच्या बाजूची झाडंसुद्धा वीटभट्टीतून काढल्यासारखी दिसत होती. तिथून पुढं, पोलीस चौकीच्या अलीकडे एक टेकडी आहे. तिच्यावर चढलं की तेरेखोलचा किल्ला, त्यावरचं फिरंग्यांचं निशाण, खाली खाडी, आणि खाडीपलीकडे केरी.

तुझ्या आजोळचे माड मला इथून ओळखता येतात असं मी म्हणतो. खरं म्हणजे सगळे माड सारखेच दिसतात. पण किनाऱ्याला जिथं वाळू रुंद होते तिथं तुमची वाडी असणार, कारण दुसरीकडे राहायला तू तयार झाला नसतास. धावायला वाळू हवी तुला.

चौकीतला शिपाई आता ओळखीचा झालाय. म्हणतो, ''मास्तर, दर शनवारी काय बघतास?''

''व्यायाम,'' मी म्हणतो.

''बघूचो व्यायाम?''

परवा अंजदीव बेटाजवळ आपल्या बोटीवर गोळीबार झाल्याची बातमी तुमच्याकडे कशी पोचली असेल कुणास ठाऊक. इकडे सगळे म्हणतात, आता काहीतरी होणार. गणपतच्या दुकानात क्रिकेट मागं पडलं. रेडिओवर 'गोवा' शब्द आला की माणसं पुढचं गिऱ्हाईकही बाजूला ढकलतात.

टेकडीवर बसून मला मिठागराचा बांध आठवत होता. आपण दहा-बारा वर्षांचे असू. पहाटे बांधावरून एका दमात धावायचं, तोंडानं 'हुतूतूतू' चालू, आणि जिथं दम तुटेल तिथं काठी रोवायची. माझी काठी तिसऱ्या आगरापाशी, तुझी पाचव्या. मग तू देवळाच्या तळीत डोकं बुडवून दम वाढवायला लागलास. मी काठावर बसून आकडे मोजायचो. एकदा तू वर येईना, मी रडायला लागलो, आणि तू पायऱ्यांच्या आडून पाणी उडवत म्हणालास, ''मोज रे, थांबलंस कित्याक?''

तेव्हापासून मोजायचं काम माझ्याकडे आलं. पुढं मी पंच झालो तो त्यामुळेच. तुझा दम मोजता मोजता.

आता कागदोपत्री त्या खेळाला कबड्डी म्हणायचं. शाळेकडे छापील नियम आले आहेत. मुलं 'कबड्डी, कबड्डी' म्हणतात. त्यात मधे श्वास चोरायला जागा आहे असं मला वाटतं. हुतूतू सलग होतं. तुटलं तर कळायचं.

कळायचं, असं मी वर लिहिलंय. ते वाक्य खोडणार होतो. राहू दे.

गुरुदास


शिरोडा,
रविवार, १० डिसेंबर १९६१

महादू,

सावंतवाडीच्या रस्त्यानं लष्कराचे ट्रक जात आहेत. बाळा, आपला एसटीतला कंडक्टर, काल सांगत होता की बांद्याकडे रस्त्यावर बैलगाडीलासुद्धा जागा नाही. लोक ट्रकमधल्या जवानांना नारळ देतात आणि जवान ते कसे फोडायचे म्हणून बघत बसतात. इकडे कानपूरला आपण इंग्लंडवर फॉलोऑन लादला म्हणून गणपतनं सगळ्यांना चहा पाजला. सामना शेवटी बरोबरीत सुटला, पण चहा पिऊन झाला होता.

जत्रेतले सामने ३० तारखेला आहेत. काल बाबलीकाका मानकरी घरी आले. आता सत्तरी गाठली, पण देवाला गाऱ्हाणं घालताना आवाज अजून वेशीपर्यंत जातो. म्हणाले, ''मास्तर, पंच तुमीच. दुसरो कोण नको. मेव्हण्याक बाद दिलेलो माणूस आमका खंय गावतलो?''

सात वर्षं मी हे ऐकतोय. रेडी, आरवली, सगळीकडे. दोन गावांत बांधाचा तंटा झाला तरी मला बोलावतात. शाळेत नवे शिक्षक आले की त्यांना सांगतात, हेच ते न्यायी मास्तर, ह्यांनी सख्ख्या मेव्हण्याला बाद दिलं. माझी सगळी पत या एका गोष्टीवर उभी आहे.

आणि महादू, ती गोष्ट अशी आहे.

१९५५ च्या जानेवारीतली जत्रा. आपण आणि रेडी, शेवटचा सामना. सुरुवातीला बाबलीकाकांनी गाऱ्हाणं घातलं, ''बा देवा म्हाराजा, पंचाच्या तोंडातसून खराच येऊ दे,'' आणि दोन्ही गावं म्हणाली, ''व्हय म्हाराजा!'' मी देवासमोर नारळ ठेवला. ह्या आपल्याच जत्रेतली पद्धत. नारळ ठेवला की पंचाचा शब्द देवाचा, तो मागं घ्यायचा नाही. मी मैदानाकडे वळलो तर रेडीचा गंगाराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ''पंच म्हणजे मेव्हणो! आता मेव्हण्याचो दम काय तुटूचो नाय, सांजवेळ झाली तरी!''

माणसं हसली. मीही हसलो. पण ते सामनाभर कानात राहिलं.

शेवटची चढाई तुझी. आपण एका गुणानं मागे. तू तिघांना शिवलास, चौथ्यानं तुझी कंबर धरली, बाकीचे तिघेही लोंबकळले, आणि तू चौघांना ओढत रेघेकडे येत होतास. दोन्ही गावं उठून उभी होती. मी रेघेवर उभा होतो, तुझा हात बघत होतो. तुझ्या तोंडाकडे नाही. आरडाओरडा इतका होता की माझीच शिट्टी मला ऐकू आली नाही.

तुझा हात रेघेवर पडायच्या आधी मी शिट्टी वाजवली आणि म्हणालो, ''दम तुटला. बाद.''

मला काहीच ऐकू आलं नव्हतं, महादू. तुझा दम तुटला की नाही ते मला माहीत नव्हतं. तुला बरोबर दिलं असतं तर गंगाराम काय म्हणेल, एवढंच माहीत होतं.

तू मातीतून उठलास. अंगाला लागलेली धूळ झाडली नाहीस. माझ्याजवळ येऊन हळू विचारलंस, ''गुरू, तू आयकलंस?''

मी म्हणालो, ''आयकलंय.''

त्याच आठवड्यात तू खाडी ओलांडून आजोळी गेलास. पावसाळ्यानंतर सरहद्द बंद झाली. आणि मी साप्ताहिकाला जी बातमी पाठवली तीत लिहिलं होतं, 'पंचांनी नात्यागोत्याचा विचार न करता निर्भीड निर्णय दिला.' पंच मीच, वार्ताहर मीच. बातमीखाली नाव नसतं, ते बरं असतं.

हे मी आज पहिल्यांदा कागदावर उतरवलं. मागच्या सगळ्या पत्रांत पाऊस, पीक, पोरांचे निकाल आणि तब्येत आहे.

पेटीत ठेवतो.

गुरुदास


शिरोडा,
मंगळवार, १९ डिसेंबर १९६१

महादू,

आज रविवार नाही. तरी लिहितो.

गोवा सुटला. काल दिवसभर दक्षिणेकडून धडधड ऐकू येत होती, आज दुपारपासून शांत आहे. शाळा आपोआप सुटली. मुलं वर्गातून पळाली तेव्हा मी त्यांना अडवलं नाही, मीही मागून पळत गणपतच्या दुकानात गेलो. या वेळी रेडिओवरचं मराठीतच सांगत होते, माझी गरज लागली नाही. गणपत साखर वाटत होता. महादू न्हावी, तुझ्या नावाचा म्हणून तू ज्याच्याकडे फुकट दाढी करायचास, तो रडत होता. त्याची मुलगी पेडण्यात दिली आहे.

घरी आलो तर सुगंधा ट्रंक उघडून बसली होती. लुगड्यांच्या वर एक धोतरजोडी ठेवली होती, तुझ्यासाठी. वर्षावर्षाला घेऊन ठेवलेल्या तशा सात आहेत हे मला आज कळलं.

''सात वर्सांच्यो भाऊबीजो,'' ती म्हणाली. ''चंद्राक धोतर नेसूक येय ना.''

मग मला म्हणाली, ''आता पत्र पावतला. आता उत्तर येतला. न्हय?''

सरहद्द होती तोवर मला बरं होतं. फिरंग्यांच्या मागं मी लपलो होतो असं लिहिलं तर तुला हसू येईल, पण तसंच आहे ते. साऱ्या गावानं साखर खाल्ली आणि मी एकटा असा की ज्याची आडोशाची भिंत पडली.

मी शाळेत गेलो, पेटी आणली आणि तिच्यापुढं ठेवली.

ती थोडं वाचते. पहिलं पाकीट उचललं, दुसरं उचललं. तिकीट कुठल्याच पाकिटाला नव्हतं.

''ही धाडूक नाय?''

''नाही.''

''एकय?''

''एकही नाही.''

मग मी तिला सगळं सांगितलं. रेघ, शिट्टी, गंगाराम, 'आयकलंय'. ती ऐकत होती आणि पाकिटं तारखेप्रमाणे लावत होती. आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, ''माजो भाव माका इसारलो म्हणान मी सात वर्सां रडलंय. तुमी थंय बसान पेपर वाची होतास.''

मी पेटीचं झाकण लावलं, तिनं ते पुन्हा उघडलं.

''गावासमोर बाद दिल्यात ना? मगे गावासमोरच सांगा. जत्रेक, देवाच्या पुढ्यात. तेच्यानंतर ही पेटी मी नेतंय. टपालान नको. तुमच्या हातात टपाल नको.''

मी म्हटलं, ''देवासमोर दिलेला शब्द मागं घेत नाहीत.''

''देवाक तरी खरा सांगल्यात काय तेवा?'' ती म्हणाली आणि चूल फुंकायला गेली.

गुरुदास


शिरोडा,
रविवार, ३१ डिसेंबर १९६१

महादू,

काल सामने झाले. सकाळी नेहमीप्रमाणे उठून नमस्कार घातले. चौदाव्या नमस्काराला लक्षात आलं की मी मोजत नाहीये.

देवळापुढं आपली आणि रेडीची माणसं जमली. यंदा गोव्यातूनही लोक आले होते, पत्रादेवीकडून चालत. बाबलीकाकांनी गाऱ्हाण्याला हात जोडले. मी त्यांना म्हटलं, ''काका, आधी मला बोलायचंय. माझं गाऱ्हाणं आहे.''

पंचानं गाऱ्हाणं मागायची ही पहिली वेळ. त्यांनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाले, ''सांग. मी घालतंय.''

मी सांगत गेलो आणि ते देवाला सांगत गेले. मी शाळेतल्या भाषेत, ते आपल्या. मी म्हटलं, मला दम तुटल्याचं ऐकू आलं नव्हतं. ते म्हणाले, ''बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान आयकाक नाय, आणि आयकलंय म्हणान सांगल्यान.'' मी म्हटलं, लोक काय म्हणतील याला मी भ्यालो. ते म्हणाले, ''म्हाराजा, तो तुका भियालो नाय, गंगारामाक भियालो.''

कुणीतरी हसलं. मला वाटतं गंगारामच.

''आज तो तुज्या पायाकडे नारळ ठेवता. चूक पदरात घे आणि महादूचो बाद धुवून टाक रे म्हाराजा!''

मी वाट बघत होतो. तीनशे माणसं असतील. मग मागून बायकांच्या बाजूनं एकच आवाज आला, ''व्हय म्हाराजा!'' तो सुगंधेचा. तिच्यामागून सगळे म्हणाले.

नारळ फोडला. बाबलीकाका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ''मास्तर, आमी सगळे बोंबलत होतो. तुका आयकाक येऊचाच नव्हता, ह्या आमका तेवाच म्हायत होता.''

''मग सात वर्षं बोलला नाहीत?''

''आमका वाटला, मास्तरांचे कान शिकलेले आसत.''

गंगाराम आला. पोट सुटलंय, दात दोन उरले आहेत. म्हणाला, ''ढाल आमच्या देवळात टांगलेली आसा. परत देवची काय? पण तिच्यात मुंगळ्यांनी घर केल्यानी.'' मग माझा दंड धरला. ''मी मस्करेन बोल्लंय रे. मस्करी लागतली म्हणान कोणाक म्हायत?''

पंच म्हणून मी उभा राहिलो नाही. रेडीचे एक तरुण शिक्षक उभे राहिले. आपण तीन गुणांनी हरलो. कुणालाही बाद देण्यावरून तक्रार झाली नाही, त्यामुळे सामना जरा अळणी झाला असं लोक म्हणत होते.

साप्ताहिकाला बातमी लिहिली आहे. पंचाचं आणि वार्ताहराचं नाव एकच आहे हे पहिल्या वाक्यात लिहिलं. संपादक छापतील की नाही माहीत नाही. उद्याच्या एसटीनं जाईल.

आज सकाळी सुगंधा निघाली. परवानगीचा कागद बाळानं आणून दिला, तोच तेरेखोलच्या होडीपर्यंत सोबत आहे. डोक्यावर ट्रंक, काखेत पत्र्याची पेटी. मला म्हणाली, ''पेज करूक येता मा? मीठ घाला, नायतर गोड लागतली.'' गोड, म्हणजे बिनमिठाची, पेज मी आजवर दोनदा करून बसलोय.

हे पत्र पेटीत बसलं नाही. याला तिकीट लावलंय.

गुरुदास


केरी,
गुरुवार, ४ जानेवारी १९६२

गुरू,

पेटी पावली. सुगंधा पण पावली. पयली मी तिका वळाकलंयच नाय, केस पिकले तिचे. दारात रवान म्हणता, ''चंद्रा, ओवाळणी हाड.'' माका काय कळूक नाय. तुजी पत्रां वाचल्यार कळला, मगे मी माडात जाऊन बसलंय थोडो येळ.

वाचूक चार दीस लागले. तुजा अक्षर बरा आसा पण तू लय लिवतंस. गणपतच्या रेडिओचा वाचून दुर्गा हसान हसान पडली. दुर्गा म्हणजे माजी बायको. ता तुका म्हायत नाय, कारण मी कळवक नाय. म्हणजे मीय काय सोवळो नाय. मी चार पत्रां लिवलंय आणि चारय फाडलंय. फिरंगी पत्र फोडतत म्हणान मी दुर्गाक सांगी होतंय. सरहद्दीचा निमित्त तुका एकट्याक नव्हता.

आता दमाचा. खरा सांगू? माकाय म्हायत नाय. लोक बोंबलत होते, माका माजोच आवाज येय नव्हतो. सात वर्सां हंय वाळयेत धावतंय आणि ताच आठवतंय. कदी वाटता तुटलो. कदी वाटता नाय, रेघेर हात पडासर होतो. आता कोणाक इचारूचा?

माका राग बाद दिल्याचो नव्हतो. मी तुका इचारलंय, तेवा तू म्हायत नाय म्हणाक होया होतंस. मी म्हटलंय असतंय, माकाय म्हायत नाय. दोगांय हसान घराक गेलो असतो आणि सुगंधेन घावणे घातल्यान असते.

गावात माजो बाद धुतलास ता बरा केलंस. पण तो तू लय धुतलास. आता लोक म्हणतले, महादूचो दम कदी तुटलोच नव्हतो. ताय खरा न्हय.

संक्रांतीक ये. सुगंधा तवसर हंयच रवतली, तशी ती तुका शिक्षाच आसा. हंय वाळू बरी आसा. शिट्टी हाड.

महादू


शिरोडा,
रविवार, २१ जानेवारी १९६२

महादू,

आम्ही नीट पोचलो. मद्रासची कसोटीही आपण जिंकलो, म्हणजे मालिका जिंकली. मी गणपतच्या दुकानात नव्हतो, त्यामुळे आकडे बरोबर आले आहेत.

गुडघा अजून दुखतो. आज नमस्कार घातले नाहीत, अंगणात खुर्ची टाकून तेल चोळत बसलोय आणि सुगंधा चुलीपाशी आपल्याशीच हसते आहे. काय झालं विचारलं तर ''काय नाय'' म्हणते आणि पुन्हा हसते. तुझी बायको तिला आवडली. येताना होडीत तिनं हे तीनदा सांगितलं. धोतरं तू सातही ठेवून घेतलीस हेही.

होडी तुमच्या बाजूला टेकली तेव्हा मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. खाडीभर मनात घोकलं होतं. तू गुडघाभर पाण्यात उभा होतास, केस सगळे पांढरे, आणि पहिलं वाक्य बोललास ते, ''मोज रे, थांबलंस कित्याक?'' माझं सगळं पाठ केलेलं पाण्यात गेलं. तिळगूळसुद्धा.

आता मुद्द्याचं.

संध्याकाळी तू पायानं वाळूत रेघ ओढलीस आणि माझ्या गळ्यातली शिट्टी काढून आपल्या गळ्यात घातलीस. म्हणालास, चढाई गुरू करणार. मी एकेचाळीस वर्षांचा, मधुमेहाची शंका असलेला माणूस. समोर दुर्गावहिनी, सुगंधा, तुझे म्हातारे मामा आणि तुमचे दोन शेजारी. मामा तर काठी घेऊन उभे होते, ती काठी खेळात धरायची की नाही हे नियमांत नाही.

मी 'हुतूतू' म्हणत गेलो. मामांना शिवलो. दुर्गावहिनींच्या पदराला हात लागला, तो धरायचा की नाही यावर त्यांनी वाद घातला, तोवर मी वळलो. आणि सुगंधेनं माझा पाय धरला. महादू, बाईच्या हातात एवढा जोर येतो कुठून? मी पडलो, तोंडात वाळू गेली, तरी 'तूतूतूतू' चालू ठेवून कोपरांवर सरकत आलो. रेघ वीतभर राहिली होती. लाटांचा आवाज, वारा, सगळे आरडत होते, वहिनी सगळ्यांत मोठ्यानं. तू रेघेपासून वीस पावलांवर उभा होतास आणि तुझी नजर माझ्या हाताकडेच होती, ते मी पडल्या पडल्या बघितलं.

आणि तू शिट्टी वाजवलीस. ''दम तुटलो! बाद!''

मी वाळूतून उठलो. अंग झाडलं नाही. तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो. विचारायला नको होतं, पण तोंडातून आलंच.

''महादू, तू आयकलंस?''

तू माझ्याकडे बघत राहिलास. सुगंधा पदरानं हात पुसायची थांबली. मग तुझ्या ओठाचा कोपरा हलला आणि तू म्हणालास, ''आयकलंय.''

त्यानंतर तू जो हसलास, तसा तू तळीच्या पायऱ्यांआडून पाणी उडवताना हसायचास. मीही हसलो. मामांना काही कळलं नाही, ते काठी आपटून म्हणत होते, ''बाद तो बाद! पंचाचो शब्द!''

मामांसमोर मी वाद घातला नाही. पण आता घरी आलोय, समोर कागद आहे, आणि सात वर्षांत शिकलो ते हेच की जे आहे ते त्याच वेळी लिहून टाकावं, आणि टपालात टाकावं.

तर लेखी कळवतो. माझा दम तुटला नव्हता.

गुरुदास